रविवारची मेट्रन

ज्या खेळाविषयी मी लिहिते आहे तो आता कुणालाच खेळता येणार नाही, आणि येत होता तेव्हाही फारसं कुणी खेळत नव्हतं. एका परदेशी भयपटमालिकेवरून तो काढला होता. त्या मालिकेतले पहिले दोन सिनेमे चालले, बाकीचे निर्मात्यांच्या हट्टानं निघत राहिले. बेटावरचं बंद पडलेलं आरोग्यधाम आणि मेल्यावरही ड्यूटी न सोडणारी तिथली मेट्रन, एवढंच त्यांचं भांडवल. ती औषधांची ट्रॉली ढकलत यायची, ट्रॉलीचं एक चाक कुरकुरायचं, आणि जो रुग्ण आपल्या खाटेवर सापडणार नाही त्याची ती कायमची सोय लावायची.

हे सिनेमे मी आणि ताईनं नागपूरला, उन्हाळ्याच्या सुट्टीत, हिंदीत डब केलेल्या कॅसेटवर पाहिले. मे महिन्यातल्या दुपारी घराबाहेर पाऊल टाकायची सोय नसते. कूलरचा घरघराट, ओढलेले पडदे, आणि आम्ही दोघी जमिनीवर. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. ती टक लावून बघायची आणि मी तिच्या पाठीमागून एका डोळ्यानं. आई बाजूला गहू निवडत बसलेली असायची, पण तिचं लक्ष टीव्हीकडेच. तिला मेट्रन मनापासून आवडायची. "बाई कामाला चोख आहे," ती म्हणायची. "पोट्ट्यांना सांगितलं होतं ना, खाटेवर पडून राहा म्हणून?" एखाद्या रुग्णाचा गळा आवळला गेला की ती सूप झटकून म्हणायची, "घ्या आता."

लॉकडाउन संपता संपता या मालिकेवरून व्हिडिओ गेम आला. ताईनंच मला फोन करून सांगितलं. तेव्हा मी चाळिशीत होते, बंगळूरला महादेवपुऱ्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासत होते, आणि ताई नागपूरला बँकेत. आम्ही दोघींनी तो विकत घेतला आणि रविवारी दुपारी जेवणं उरकली की आपापल्या लॅपटॉपसमोर बसायला लागलो. माझा नवरा त्या वेळी झोपतो, त्यामुळे त्याचं मत विचारायचा प्रश्न नव्हता.

खेळ सोपा होता. खेळणाऱ्यांतून एक जण मेट्रन व्हायचा, कोण ते खेळच ठरवायचा. बाकीचे रुग्ण. रुग्णांनी बोटीची चावी शोधून बेटावरून पळायचं, किंवा उजाडेपर्यंत लपून राहायचं. उजाडायला वीसेक मिनिटं लागायची. रुग्णांना माइकवर बोलता यायचं, पण आवाज फक्त जवळच्याच माणसाला ऐकू जायचा. मेट्रन जवळ असली तर तिलाही जायचा. मेट्रनला मात्र बोलता यायचं नाही. ज्याच्या वाट्याला ती यायची त्याचा माइक खेळच बंद करायचा. त्यानं ट्रॉली ढकलायची आणि ऐकायचं.

कल्पना चांगली होती, पण खेळ घाईत बाजारात आणला होता. मेट्रनची पांढरी टोपी भिंतीतून आरपार बाहेर यायची, त्यामुळे ती कुठल्या खोलीत आहे हे कॉरिडॉरमधूनच कळायचं. बाथटबमध्ये लपलेला रुग्ण उठला की कधीकधी छतापर्यंत तरंगत जायचा आणि तिथंच अडकायचा. परीक्षणं लिहिणाऱ्यांनी खेळाची सालटी काढली. पोटापाण्यासाठी मी अशाच चुका शोधते, त्यामुळे मला खेळ काढणाऱ्यांवर राग यायला हवा होता, पण त्या टोपीवर माझा जीव होता. ताईच्या शेजारी पलंगावर आई पडलेली असायची. तेव्हा तिची मूत्रपिंडं थकली होती. माइकमधून तिचा आवाज यायचा, "मेट्रन कुठं आहे आता? धाकटीला सांग, पळ म्हणावं."

मग आई गेली. मला ते महादेवपुऱ्यात, मीटिंग चालू असताना, फोनवर कळलं. ती तीन आठवडे दवाखान्यात होती हेही तेव्हाच कळलं. त्या तीन आठवड्यांत मी फोन केला की ताई म्हणायची, "झोपली आहे," किंवा "आत्ताच जेवली, पडली आहे," आणि मी विश्वास ठेवायची. मी पोचले तेव्हा आईला तिरडीवर बांधून झालं होतं. नातेवाइकांत ताईनं सांगितलं, "आईच म्हणाली होती, धाकटीला कळवू नको, उगाच तिची धावपळ." सगळ्यांनी माना डोलावल्या. आई तशी होतीच. दुसऱ्याला तसदी नको म्हणून तहान लागली तरी पाणी न मागणारी.

तेराव्याला पानं उठल्यावर स्वयंपाकघरात मी ताईला विचारलं, "मी काय पाहुणी होते का?" ती भांडी विसळत होती. वळून न बघता ती म्हणाली, "बंगलोरला बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला काय म्हणतात ते तूच सांग." मी बॅग भरली. विमानतळावर जाईपर्यंत माझा राग उतरला नाही आणि पुढं दोन वर्षं उतरला नाही. तिचा नंबर मी फोनमधून काढून टाकला. दिवाळीला मी नागपूरला गेले नाही, तिनं बोलावलं नाही. अबोला आमच्या घराण्यात नवा नाही. एक आत्या आणि एक काका तर एकाच घरात राहून वर्षानुवर्षं भिंतीशी बोलायचे आणि भिंत निरोप पोचवायची.

आता मूर्खपणाचा भाग. आम्ही खेळ सोडला नाही. पहिल्या रविवारी मी सवयीनं बसले तर ताई तिथं होती. मला वाटलं, सोडायचा तर तिनं सोडावा, मी का सोडू? तिलाही तेच वाटलं असणार, कारण पुढच्या रविवारी ती पुन्हा होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभसुद्धा शाबूत होता. आम्ही दर रविवारी एकाच बेटावर, एकाच इमारतीत, त्याच मेट्रनपासून पळत होतो आणि एकमेकींशी अवाक्षर बोलत नव्हतो.

पण या खेळात बोलल्यावाचून भागत नाही. चावी कुणाला सापडली, मागचं दार कुणी लावलं, हे सांगावंच लागतं. मग आम्ही घरातलीच रीत उचलली. मध्ये जो कुणी उभा असेल त्याला सांगायचं. सुरुवातीला देशभरातले दहा-पंधरा जण असायचे. एखाद्या इंदूरच्या किंवा कोचीच्या मुलाला मी हिंदीत सांगायची, "उनको बोलो, दवाखाने की खिडकी खुली है." 'उनको' म्हणजे चार पावलांवर उभी असलेली ताई. तिला ऐकू जायचं, तरी ती तो मुलगा सांगेपर्यंत हलायची नाही. मग त्यालाच म्हणायची, "उनको बोलो, पता है." पोरं बुचकळ्यात पडायची, पण सांगायची.

हळूहळू लोक कमी झाले. इंदूरचा गेला, कोचीचा गेला. रविवारी दुपारी खेळ उघडला की आम्ही तिघी आणि चुकूनमाकून आलेला एखादा चौथा. तिसरी होती बंगळूरजवळच्या होसकोट्याची एक मुलगी. मुलगी म्हणजे तिशीची, लग्न झालेली, तिथल्या एका कारखान्यात माल पाठवायच्या खात्यात. रविवार तिच्या सुट्टीचा वार. तिचं कुटुंब शहाजीराजांच्या काळापासून इकडचं, आणि मराठी घरात टिकलेलं, अर्ध्या कानडीसकट, 'बरं'ऐवजी 'सरी' म्हणणारं. आम्ही दोघी स्वतःशीच मराठीत पुटपुटतो हे ऐकून पहिल्याच दिवशी ती खूश झाली होती. दोघींनाही ती अक्का म्हणायची, त्यामुळे तिच्या निरोपांची मोठी गंमत व्हायची.

"अक्का, त्या अक्का म्हणतात, बोटीत पेट्रोल घातलंय. स्वल्प लवकर या."

"त्यांना सांग, मेट्रन जिन्यात आहे."

"सरी. अक्का, या अक्का म्हणतात, मेट्रन जिन्यात आहे."

"त्यांना सांग, मला टोपी दिसतेय."

हे सगळं, चौथा मेट्रन झालेला आणि आम्ही तिघी एकाच खाटेखाली दबा धरून बसलेल्या असताना. वर्षभर तिनं आमचं टपाल खातं बिनपगारी चालवलं आणि एकदाही का म्हणून विचारलं नाही.

एकदा कुठल्याशा लग्नाच्या खरेदीला ती इंदिरानगरला येणार होती, तेव्हा तिनंच भेटूया म्हटलं. दर्शिनीत, म्हणजे इकडच्या उभ्यानं खायच्या हॉटेलात, इडली खाल्ली आणि एका कॉफीचे दोन भाग करून घेतले. आवाजावरून मी तिला उंच समजत होते, ती माझ्या खांद्याला लागत होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "अक्का, त्या नागपूरच्या अक्का पण कधी बंगळूरला आल्या तर सांगा हं. तिघी मिळून भेटू."

"ती कशाला येईल?" मी म्हटलं. "आम्ही बोलत नाही."

"ते माहिती. मेट्रनला ऐकू जातं म्हणून ना? मला वाटलंच, तुमची युक्ती आहे म्हणून. एकानंच बोलायचं, हळू बोलायचं. चांगली युक्ती आहे."

मला हसू आलं आणि नको ते तोंडातून गेलं. मी म्हटलं, "अगं, ती माझी सख्खी बहीण आहे."

तिनं कॉफीचा पेला खाली ठेवला. मग मला सगळं सांगावं लागलं, तीन आठवडे, तिरडी, तेरावं. ती ऐकून घेत होती आणि तिचा चेहरा तांबडा होत चालला होता. मला वाटलं, माझ्या बाजूनं चिडली. ती म्हणाली, "म्हणजे मी वर्षभर तुमच्या भांडणात हमाली केली?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे. माझी आई असती आणि बहीण असती तर... जाऊ दे. काय विचारायचं आहे तुम्हाला त्यांना?"

"आईला मला भेटावंसं वाटलं नाही का, एवढंच," मी म्हटलं. हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. माझा राग ताईवर होता, पण रागाच्या तळाशी हे होतं. माझी धावपळ होऊ नये हे आईला मला बघण्यापेक्षा मोठं वाटलं असेल, तर ते मला सोसत नव्हतं.

"मग हे मी त्यांना सांगू?" तिनं विचारलं.

"नको."

"सरी. मी सांगणारच नव्हते. असले निरोप मी नाही नेत." आणि कॉफी संपवून ती लग्नाच्या खरेदीला निघून गेली.

त्याच महिन्यात सूचना आली. सिनेमाचे हक्क दुसऱ्या कुणीतरी विकत घेतले होते, गेम काढणाऱ्या कंपनीचा परवाना संपत होता, सर्व्हर बंद होणार होते. लिहिणाऱ्यानं खेळाडूंचे आभार मानले होते. मला त्या सूचनेचं एवढं का लागलं ते मी नवऱ्याला समजावू शकले नाही. तो म्हणाला, "दुसरा गेम घे." ताईला भेटायची माझ्याकडे दुसरी जागा नव्हती, हे कबूल करायला मला जड जात होतं. लॅपटॉपवरच्या एका पिवळ्या झग्यातल्या रुग्णाला मी दर रविवारी बघत होते आणि ती बरी आहे हे मला कळत होतं. एकदा ती सर्दीनं बेजार होती तेही आवाजावरून कळलं होतं. होसकोट्याच्या मुलीला मी म्हटलं होतं, "त्यांना सांग, वाफ घ्या." उत्तर आलं होतं, "त्यांना सांग, घेतेय."

शेवटच्या रविवारी सकाळीच होसकोट्याहून मेसेज आला. "अक्का, आज मी येणार नाही. मुद्दाम येणार नाही. त्या अक्कांना पण कळवलंय. तुमचं तुम्ही बघा." मला तिचा राग आला. आगाऊपणा वाटला. जेवताना ठरवलं की मीही बसणार नाही, आणि जेवण उरकताच जाऊन बसले.

यादीत आम्ही दोघीच होतो. खेळायला दोन जण पुरतात, एक मेट्रन आणि एक रुग्ण. मी मेट्रन झाले.

खरं तर मला हायसं वाटलं. बोलायचा प्रश्नच मिटला. मी ट्रॉली घेऊन निघाले. खालचा मजला, औषधांची खोली, धोबीघर. चाक कुरकुरत होतं. ताई बोटीकडे गेलीच नव्हती. तिसऱ्या वॉर्डात चादरींचं एक मोठं कपाट होतं, त्याच्या फटीतून पिवळा झगा दिसला. इतकी वर्षं खेळून ताई अशी ढिसाळ लपणार नाही. मी कपाटासमोर थांबले. दार उघडायला एक बटण पुरतं.

"आलीस," ताई म्हणाली.

तिच्या नागपूरच्या खोलीतला पंखा मला ऐकू येत होता.

"थांब थोडं. उघडू नको. तुला बोलता येत नाही तेच बरं आहे, तू बोललीस की मी भांडते." मग तिनं माइक जवळ ओढल्याचा आवाज आला. "आईनं नव्हतं सांगितलं. तुला कळवू नको म्हणून आई नव्हती म्हणाली. ते मी सांगितलं सगळ्यांना."

मी हात कीबोर्डवरून उचलला.

"ती रोज विचारायची तुला. मी सांगायची, सुट्टी टाकली आहे तिनं, निघून राहिली आहे. आज निघेल, उद्या निघेल. तुला फोन करायला मी जिन्यात जायची आणि तशीच परत यायची. मला वाटायचं, तू आलीस की झालं. तू आलीस की घरात सण असतो. चार दिवस यायचीस, साडी आणायचीस, आई तुझ्यासाठी अंथरुणातून उठून बसायची. मी रोजची. बारा वर्षं तिचं मी केलं, डायलिसिसला नेलं, आणलं. मला वाटलं, हे एवढं तरी माझं एकटीचं असू दे. आणि डॉक्टर म्हणून राहिले होते की घरी सोडतील. मी म्हटलं, घरी आणते आणि मग कळवते. खरंच कळवणार होते गं." ती रडत होती, पण बोलणं थांबवत नव्हती. "आता उघड."

खिडकीबाहेर त्या बेटावर उजाडायला लागलं होतं. आणखी मिनिटभर मी काहीच केलं नसतं तर ती सुटली असती आणि खेळ संपला असता. मला तिला सोडायचं नव्हतं. इतका राग मला तेराव्यालाही आला नव्हता, आणि त्या रागात इतकी सुटकाही नव्हती. मी बटण दाबलं. दार उघडलं, मेट्रननं तिला मनगटाला धरून फरफटत खाटेपर्यंत नेलं, पट्टे आवळले, आणि पडद्यावर नेहमीची पाटी आली की सर्व रुग्ण जागेवर आहेत.

मी लॅपटॉप मिटला आणि फोन घेतला. नंबर पाठ होता. तिनं पहिल्याच घंटेला उचलला.

"आई कसं विचारायची?" मी म्हटलं. दोन वर्षांनंतर तिच्याशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य.

"म्हणजे?"

"नेमकं काय म्हणायची ते सांग. तुझ्या शब्दांत नको, तिच्या सांग."

ताईनं नाक पुसलं.

"म्हणायची, निघाली का गं धाकटी? मी म्हणायची, निघतेय. मग म्हणायची, तिला म्हणावं, घाई करू नको. सावकाश ये. मी आहे."